सीनिअर रँग्लरच्या वर

महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत एके काळी केंब्रिजचे नाव तेथील प्राचीन वास्तूंमुळे किंवा न्यूटनमुळे जितके परिचित होते, त्याहून अधिक ते गणिताच्या पदवी-परीक्षेत पहिला वर्ग मिळवणाऱ्याच्या ‘रँग्लर’ या एका उपाधीमुळे परिचित होते. कोकणातील मुर्डी या खेड्यातून निघालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली तेथील गणिताच्या ट्रायपॉस, म्हणजे पदवीच्या, परीक्षेत एका इंग्रज सहाध्यायाच्या बरोबरीने पहिले आले आणि ‘सीनिअर रँग्लर’ झाले, तेव्हापासून ती उपाधी त्यांना अशी चिकटली की पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद, मुंबई सरकारातील मंत्रिपद आणि ऑस्ट्रेलियातील उच्चायुक्तपद भूषवूनही मराठी माणसाच्या लेखी ते अखेरपर्यंत रँग्लर परांजपेच राहिले. त्यांच्या या यशापूर्वी नऊ वर्षे, १८९० च्या जून महिन्यात, त्याच परीक्षेत फिलिपा फॉसेट नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणीने त्या वर्षीच्या सीनिअर रँग्लरहूनही अधिक गुण मिळवले होते. आणि त्यांच्या यशानंतर तीस वर्षांनी, १९२९ साली, त्यांची स्वतःची कन्या, पुढे र. धों. कर्वे यांच्याबरोबर संततिनियमनाच्या प्रचारात झटलेल्या शकुंतला परांजपे, केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजातून तीच ट्रायपॉस उत्तीर्ण झाल्या. परक्या देशातून, परक्या धर्मातून आणि परक्या भाषेतून आलेल्या पित्याला केंब्रिजने जी पदवी निर्वेधपणे दिली, ती सीनिअर रँग्लरच्या वर आलेल्या फिलिपाला दिली नाही, आणि शकुंतलाबाईंच्या काळीही तेथील स्त्रियांच्या हाती पडत होते ते पदवीचे केवळ नाव होते.

या विसंगतीचा उलगडा सामान्यतः असा केला जातो, की स्त्रियांची बुद्धी पुरुषांच्या तोडीची आहे याविषयी तत्कालीन विद्वानांना शंका होती, ती शंका हळूहळू फिटत गेली आणि जसजशी ती फिटली तसतशी विद्येची दारे उघडत गेली. ही उपपत्ती ऐकण्यास सुखद असली तरी इतिहासाच्या दप्तरातील तारखा तिला साथ देत नाहीत. शंका फिटण्यासारखा पुरावा १८९० पर्यंत निर्विवादपणे पुढे आलेला होता. पूर्ण पदवी १९४८ मध्ये मिळाली. आणि ज्या कॉलेजांनी ती पदवी मिळवणाऱ्या मुलींना आपल्या आवारात राहू देण्यास संमती दिली, त्यांतील पहिल्या तिघांनी ती १९७२ मध्ये दिली. पुरावा आणि निर्णय यांच्यामध्ये दोन पिढ्यांहून अधिक अंतर पडले असेल, तर निर्णय पुराव्यावर अवलंबून नव्हता असाच निष्कर्ष काढणे भाग आहे. मग तो कशावर अवलंबून होता, हे पाहण्यासाठी त्या विद्यापीठाची घडण प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

आपल्याकडे १८५७ मध्ये जी विद्यापीठे स्थापन झाली ती सरकारी कायद्याने निर्माण झालेली, परीक्षा घेऊन पदव्या देणारी मंडळे होती. केंब्रिजची गोष्ट निराळी. तेराव्या शतकापासून वाढत आलेला तो स्वायत्त विद्वानांचा एक संघ होता आणि त्या संघाच्या पोटात स्वतःचा जमीनजुमला, स्वतःचे नियम आणि स्वतःचे प्रार्थनामंदिर असलेली अनेक कॉलेजे होती, ज्यांचे सदस्य, म्हणजे फेलो, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतांशी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेले आणि लग्न केल्यास आपले पद गमावणारे असे असत. अँग्लिकन पंथाबाहेरच्या मनुष्याला फेलो होण्याची मुभा १८७१ च्या कायद्याने मिळाली, आणि विवाहाची आडकाठी सर्वसाधारणपणे १८८२ च्या नव्या नियमांनी दूर झाली. अशा या संघात पदवी म्हणजे विद्वत्तेचा दाखला एवढाच तिचा अर्थ नव्हता. एम.ए. होऊन ज्याने आपले नाव विद्यापीठाच्या पटावर ठेवले, तो मग लंडनमध्ये वकिली करो की दूरच्या एखाद्या परगण्यात धर्मोपदेश करो, विद्यापीठाच्या सीनेटमध्ये मत देण्याचा हक्क त्याला जन्मभर असे. पदवी हे एक प्रकारचे वतन होते; आणि वतनात नवा वाटेकरी घ्यावयाचा की नाही हा प्रश्न वतनदारांपुढे जेव्हा येतो, तेव्हा वाटेकऱ्याच्या गुणवत्तेची चर्चा कितीही झाली तरी कौल बहुधा आपल्या हिश्शाकडे पाहून दिला जातो.

या वतनाच्या वेशीवर पहिली थाप मारणारी स्त्री होती एमिली डेव्हिस. ती एका धर्मोपदेशकाची मुलगी. तिचे भाऊ विद्यापीठात गेले आणि ती घरी राहिली. शाळकरी मुलांसाठी केंब्रिजने चालवलेल्या स्थानिक परीक्षा मुलींनाही खुल्या कराव्यात म्हणून तिने खटपट केली, १८६३ मध्ये प्रायोगिक म्हणून एकदा ती परवानगी मिळवली, आणि १८६५ मध्ये ती व्यवस्था रीतसर झाली. त्यानंतर चार वर्षांनी, १८६९ मध्ये, तिने बार्बरा बोडिशन आदी मैत्रिणींच्या साहाय्याने हिचिन या गावी भाड्याच्या घरात पाच विद्यार्थिनींचे कॉलेज सुरू केले. हिचिन हे केंब्रिजपासून सुमारे पंचवीस मैलांवर. तरुण पुरुषांच्या वस्तीजवळ तरुण मुलींनी राहणे लोकांना रुचणार नाही म्हणून हे अंतर मुद्दाम राखलेले, आणि शिकवणारे प्राध्यापक आगगाडीने येऊन जात. १८७३ मध्ये हे कॉलेज गर्टन या खेड्यात स्वतःच्या इमारतीत आले, तेही शहरापासून दोन मैलांहून अधिक अंतर ठेवूनच. दरम्यान १८७१ मध्ये हेन्री सिज्विक या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाने खुद्द केंब्रिजमध्ये एक घर भाड्याने घेऊन अ‍ॅन क्लफ या विदुषीच्या देखरेखीखाली पाच मुलींच्या निवासाची सोय केली. त्या घराचे पुढे न्यूनहॅम कॉलेज झाले.

या दोन संस्थांच्या चालकांचे ध्येय एक असले तरी मार्गांविषयी त्यांच्यात तीव्र मतभेद होता, आणि मराठी वाचकाला तो मतभेद अपरिचित वाटणार नाही. डेव्हिसबाईंचा आग्रह असा, की मुलींनी पुरुषांची तीच परीक्षा, त्याच अटींवर, तितक्याच मुदतीत, ग्रीक-लॅटिनच्या सक्तीच्या प्राथमिक परीक्षेसह द्यावी; तिळमात्र सवलत घेतली तर उद्या तिचाच पुरावा म्हणून उपयोग होईल. सिज्विकचे म्हणणे असे, की ग्रीकची ती सक्ती मुळात पुरुषांच्याच शिक्षणाला घातक आहे, मग जुन्या चुका नव्या संस्थेवर कशासाठी लादाव्यात. मुलींना त्यांच्या पूर्वतयारीप्रमाणे सोयीचा क्रम द्यावा हे बरे. आपल्याकडे ‘सुधारका’तून आगरकरांनी स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे असे निःसंदिग्ध प्रतिपादन केले, तर अण्णासाहेब कर्व्यांनी जपानच्या महिला विद्यापीठाचे उदाहरण पुढे ठेवून १९१६ मध्ये मातृभाषेच्या माध्यमाचे आणि निराळ्या अभ्यासक्रमाचे स्वतंत्र विद्यापीठ उभारले. परिस्थिती भिन्न, तरी पेच तोच. केंब्रिजमध्ये काळाने कौल दिला तो डेव्हिसबाईंच्या बाजूने, कारण तेथे लढाई शिक्षणापेक्षा हक्काची अधिक होती, आणि हक्काच्या लढाईत समान मापाशिवाय दुसरे माप मान्य होत नाही.

प्रारंभी या मुलींनी ट्रायपॉस दिली ती खाजगी रीतीने, म्हणजे परीक्षकांच्या मेहेरबानीने. प्रश्नपत्रिका त्यांना मिळत, उत्तरे तपासली जात, आणि कोणती श्रेणी मिळाली असती हे तोंडी कळवले जाई. १८७३ मध्ये गर्टनच्या तिघींनी ही परीक्षा दिली. १८७४ मध्ये न्यूनहॅमच्या पहिल्या पाचांपैकी मेरी पेली हिने नीतिशास्त्राची ट्रायपॉस दिली, तेव्हा तिला पहिला वर्ग द्यावा की दुसरा याविषयी परीक्षकांतच दोन तट पडले. १८८० मध्ये गर्टनच्या शार्लट स्कॉटने गणितात आठव्या रँग्लरइतके गुण मिळवले. सीनेट हाउसमध्ये निकालाची यादी वाचली जात असता आठव्या क्रमांकाचे नाव येताच गॅलरीतील विद्यार्थ्यांनी अधिकृत नाव ऐकू येऊ न देता ‘गर्टनची स्कॉट’ असा घोष केला, असे तत्कालीन वृत्तांत सांगतात. या प्रसंगाने जो लोकमताचा रेटा उत्पन्न झाला त्याचा परिणाम म्हणून २४ फेब्रुवारी १८८१ रोजी सीनेटने मोठ्या बहुमताने ठराव मंजूर केला की गर्टन व न्यूनहॅमच्या विद्यार्थिनींना ट्रायपॉसला हक्काने बसता यावे, त्यांचे निकाल प्रसिद्ध व्हावेत आणि त्यांना प्रमाणपत्र मिळावे.

या ठरावात काय दिले यापेक्षा काय राखून ठेवले हे पाहणे अधिक बोधप्रद आहे. परीक्षा दिली, पदवी राखली. प्रमाणपत्र दिले, सीनेटमधील मत राखले. व्याख्यानांना बसावयाचे ते त्या त्या प्राध्यापकाच्या मर्जीने आणि पुष्कळदा सोबतीला एखादी प्रौढ स्त्री घेऊन. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांचा उपयोग करावयाचा तो परवानगीने. ही परवानगी पुरेशी पडत नाही असे पाहून स्त्रियांच्या कॉलेजांनी १८८४ मध्ये बाल्फर प्रयोगशाळा या नावाने जीवशास्त्राची स्वतःची प्रयोगशाळा उभी केली, आणि ती पुढे तीस वर्षे चालवली. स्त्रियांनी बाहेर राहून आत असलेल्यांइतके काम करून दाखवावे, खर्च स्वतः सोसावा आणि आतल्या कारभाराविषयी बोलू नये, अशी ही तजवीज होती.

याच दशकात विरोधकांच्या भात्यातील शास्त्रीय बाणही एकामागून एक निकामी होत गेले. १८७४ मध्ये हेन्री मॉड्स्ली या नामांकित वैद्याने एका प्रतिष्ठित मासिकात लेख लिहून असे प्रतिपादन केले होते, की तरुण वयात पुरुषांप्रमाणे बौद्धिक श्रम केल्यास स्त्रीच्या देहप्रकृतीची आणि मातृत्वशक्तीची हानी होते. त्याला डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी त्याच वर्षी सडेतोड उत्तर दिले. त्यानंतर सिज्विकच्या पत्नी एलिनॉर सिज्विक यांनी केंब्रिज व ऑक्सफर्डच्या माजी विद्यार्थिनी आणि कॉलेजात न गेलेल्या त्यांच्या बहिणी यांच्या आरोग्याची तौलनिक माहिती गोळा करून १८९० मध्ये ती प्रसिद्ध केली; विद्यार्थिनींची प्रकृती बहिणींहून खालावलेली नाही असे तिच्यातून दिसले. आणि त्याच वर्षी फिलिपा फॉसेटचा निकाल लागला. १८८७ मध्ये अ‍ॅग्नेटा रॅम्से ही प्राचीन भाषांच्या ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गाच्या पहिल्या विभागात एकटी झळकली होतीच. परंतु गणित हे केंब्रिजच्या अभिमानाचे मर्मस्थान, आणि त्या मर्मस्थानीच हा आघात झाला.

फिलिपाचे कुलवृत्त मोठे लक्षणीय आहे. तिचे वडील हेन्री फॉसेट हे अंध असूनही केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि पार्लमेंटचे सभासद होते, व हिंदुस्थानच्या आर्थिक गाऱ्हाण्यांना तेथे सातत्याने वाचा फोडल्यामुळे त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ असे म्हणत. आई मिलिसेंट फॉसेट पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या अग्रणी झाल्या. आणि मॉड्स्लीला उत्तर देणाऱ्या डॉक्टर अँडरसन या तिच्या सख्ख्या मावशी. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे पुरुषांची यादी आधी आणि स्त्रियांची नंतर वाचली जात असे, व स्त्रीचे स्थान पुरुषांच्या यादीतील अमुक क्रमांकांच्या दरम्यान असे सांगितले जाई. फिलिपाच्या नावाबरोबर तिचे स्थान ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असे उच्चारले गेले, सभागृह जयघोषाने दुमदुमले, वृत्तपत्रांनी ती वार्ता देशोदेशी पोचवली, आणि एवढे सर्व झाल्यावर तिच्या हातात प्रमाणपत्र पडले. सेंट जॉन्स कॉलेजचा जो विद्यार्थी तिच्या खाली होता तो सीनिअर रँग्लर ठरला, पदवीधर झाला आणि यथाकाल सीनेटचा मतदार होण्यास पात्र झाला.

आता पुरावा पूर्ण झाला, आता केवळ औपचारिकता उरली, असे स्त्रियांच्या कैवाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु १८९६ मध्ये अर्ज गेले, समिती नेमली गेली, आणि तिने पूर्ण सदस्यत्वाची गोष्ट बाजूला ठेवून केवळ पदवीचे नाव स्त्रियांना द्यावे अशी अतिशय मवाळ शिफारस केली, तरी तीही सहन झाली नाही. २१ मे १८९७ हा मतदानाचा दिवस. विद्यापीठाशी कित्येक वर्षांत ज्यांचा काही संबंध उरला नव्हता असे एम.ए. मतदार लंडनहून खास गाड्यांनी लोटले. सीनेट हाउससमोरच्या पुस्तकांच्या दुकानावर सायकलवर बसवलेल्या एका स्त्रीचा पुतळा टांगला होता, आणि खाली विद्यार्थ्यांचा समुदाय फटाके उडवीत, आरोळ्या ठोकीत उभा होता. ठरावाच्या बाजूने साडेसहाशेहून थोडी अधिक, आणि विरुद्ध सतराशेहून अधिक मते पडली. अर्थशास्त्राचा जगद्विख्यात पंडित आल्फ्रेड मार्शल हा विरोधकांत अग्रभागी होता. आणि त्याची पत्नी म्हणजे १८७४ मध्ये जिच्यासाठी परीक्षकांत दोन तट पडले ती मेरी पेली, जी न्यूनहॅममध्ये अध्यापन करीत होती आणि जिने पतीबरोबर अर्थशास्त्रावर ग्रंथही लिहिला होता. ज्याच्या घरातच पुरावा नांदत होता त्याला आणखी कोणता पुरावा पटणार होता?

या विरोधकांपैकी काहींनी एक तोडगाही सुचवला होता: स्त्रियांनी स्वतंत्र विद्यापीठ काढावे. तीच कल्पना एकोणीस वर्षांनी पुण्यात अण्णासाहेब कर्व्यांनी अंमलात आणली, पण तिचा आशय अगदी उलट होता. कर्व्यांनी ज्या मुलींना कोणतेच दार मोकळे नव्हते त्यांच्यासाठी नवे दार बांधले; केंब्रिजच्या मतदारांनी उंबरठ्यावर येऊन ठाकलेल्या मुलींना परत पाठवण्यासाठी दुसऱ्या घराचा पत्ता सांगितला. सूचना कोण करतो आणि कोणाच्या सोयीसाठी करतो, यावर तिची योग्यायोग्यता ठरते.

या सुमारास अन्यत्र काय चालले होते हे पाहिले म्हणजे केंब्रिजचा हट्ट अधिकच उठून दिसतो. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्येच स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या होत्या. कलकत्ता विद्यापीठाने त्याच वर्षी परीक्षांची परवानगी दिली आणि १८८३ मध्ये कादंबिनी गांगुली व चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठानेही १८८३ मध्ये स्त्रियांना पदवीचा मार्ग मोकळा केला. त्या मार्गाने पुढे आलेली मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर म्हणजे नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात एकटीने बसून ती शिकली आणि परीक्षेत अग्रस्थानी आली. परंतु त्या स्थानाबरोबर विलायतेची जी शिष्यवृत्ती तिच्या जागी असलेल्या पुरुषाला मिळाली असती ती स्त्री म्हणून तिला नाकारण्यात आली, आणि अखेर इंग्लंडातील हितचिंतकांच्या वर्गणीतून ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाली. बेलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी तिची पाठराखण केली. १८९२ मध्ये विद्यापीठाने खास ठराव करून तिला कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसू दिले. ती परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. परीक्षा उत्तीर्ण झाली, पदवी मात्र मिळाली नाही. ती घेण्यासाठी तिला १९२२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, थांबावे लागले. पुण्यात जिला पदवी मिळाली होती ती ऑक्सफर्डमध्ये अपदवीधर ठरली. वसाहतीला सुधारणा शिकवणाऱ्या देशाच्या सर्वोच्च विद्यापीठांनी या एका बाबतीत वसाहतीच्या मागे राहावे, ही गोष्ट त्या काळच्या आपल्या टीकाकारांच्या उपहासाला पुरेशी होती.

ऑक्सफर्डमध्ये लेडी मार्गारेट हॉल आणि सॉमरव्हिल ही स्त्रियांची निवासस्थाने १८७९ मध्ये सुरू झाली. १८९३ मध्ये सेंट हिल्डाज स्थापन करणाऱ्या डोरोथिया बील या त्याच, ज्यांच्या चेल्टनहॅमच्या विद्यालयात पंडिता रमाबाई १८८४ पासून दोन वर्षे शिकत आणि संस्कृत शिकवीत होत्या. तेथेही पदवीचा ठराव १८९६ मध्ये फेटाळला गेला होता. दोन्ही विद्यापीठांतील परीक्षा दिलेल्या परंतु पदवीपासून वंचित राहिलेल्या सुमारे सातशे स्त्रियांनी १९०४ ते १९०७ या काळात आगबोटीने आयर्लंड गाठले आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या उदार नियमाचा फायदा घेऊन तेथून पदव्या घेतल्या. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेल्यावर वर्ग आणि प्रयोगशाळा स्त्रियांनी जागत्या ठेवल्या, १९१८ मध्ये पार्लमेंटच्या मताचा हक्क काही स्त्रियांना मिळाला, आणि १९२० मध्ये ऑक्सफर्डने पदवी व सदस्यत्व दोन्ही दिले. मात्र सात वर्षांतच स्त्रियांच्या संख्येवर मर्यादा घालणारा नियम करून त्याने आपल्या औदार्याला बांध घातला, आणि तो नियम १९५७ पर्यंत टिकला.

केंब्रिजने ऑक्सफर्डचे अनुकरण केले नाही. १९२० च्या डिसेंबरात पूर्ण सदस्यत्वाचा ठराव ९०४ विरुद्ध ७१२ मतांनी पडला, आणि पुढच्या ऑक्टोबरात स्त्रियांना नाममात्र पदवी देण्याचे ठरले. एवढ्या विजयाने बेभान झालेल्या विद्यार्थ्यांच्या एका टोळीने हातगाडीच्या धडका देऊन न्यूनहॅमचे, अ‍ॅन क्लफच्या स्मरणार्थ उभारलेले, कांस्यद्वार मोडले. १९२६ पासून स्त्रियांना विद्यापीठात अध्यापनाच्या जागा मिळू लागल्या, आणि त्यातून १९३९ मध्ये असा प्रसंग ओढवला की पुरातत्त्वाच्या डिझ्नी अध्यासनावर डोरोथी गॅरड यांची निवड झाली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधील त्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक. परंतु ज्या विद्यापीठात त्यांनी अध्यासन भूषवले त्याच्या कारभारात मत देण्याचा हक्क त्यांना नव्हता, आणि त्यांच्या हाताखाली शिकून पदवीधर झालेल्या तरुणाला तो मिळू शकत होता. अखेर ६ डिसेंबर १९४७ रोजी ठराव आला तो कोणाच्याही विरोधावाचून संमत झाला आणि १९४८ मध्ये त्याचा अंमल सुरू झाला. ब्रिटनमधील विद्यापीठांत स्त्रियांना पूर्ण पदवी देणारे हे शेवटचे.

तथापि पदवी समान झाली म्हणजे सहशिक्षण आले असे नव्हे. व्याख्याने एकत्र, परीक्षा एकत्र. परंतु केंब्रिजमध्ये विद्यार्थ्याचे खरे शिक्षण होते ते कॉलेजात, आणि कॉलेजांच्या सनदा जशाच्या तशा होत्या. गर्टन, न्यूनहॅम आणि १९५४ मध्ये निघालेले न्यू हॉल एवढ्याच संस्था पदवीपूर्व मुलींना घेत. बाकीच्या कॉलेजांत त्यांना मज्जाव. या भिंतीला तडा गेला तो १९६० नंतर. इंग्लंडात नवी विद्यापीठे निघाली, ती आरंभापासूनच मिश्र होती. सरकारी शाळांतून हुशार मुलामुलींचा ओघ वाढला. आणि जुन्या कॉलेजांच्या ध्यानी आले की चांगले विद्यार्थी आता केवळ प्राचीन दगडांकडे पाहून येत नाहीत. १९७२ मध्ये चर्चिल, क्लेअर आणि किंग्ज या तीन कॉलेजांनी मुली घेतल्या, १९७४ मध्ये ऑक्सफर्डच्या पाच कॉलेजांनी, आणि एकदा पहिल्यांनी गुणी मुली उचलल्यावर मागे राहिलेल्यांना आपली प्रतिष्ठा टिकवण्यासाठी तोच मार्ग धरावा लागला.

अटलांटिकच्या पलीकडे याच गतीची पुनरावृत्ती अधिक उघडपणे झाली. ओबर्लिन कॉलेजने १८३७ मध्येच आणि कॉर्नेलने एकोणिसाव्या शतकातच स्त्रियांना प्रवेश दिला होता, परंतु येल आणि प्रिन्स्टन यांनी त्याकडे पाठ फिरवली, तर हार्वर्डने रॅडक्लिफ नावाचे निराळे घर जोडून १९६३ पर्यंत तेथील मुलींना आपली पदवी नाकारली. प्रिन्स्टनने प्रश्नाचा सविस्तर अभ्यास करवून अहवाल घेतला, त्याचा रोख असा की अमेरिकेतील उत्तमोत्तम मुलगे आता मुलींविना असलेल्या विद्यापीठात येण्यास नाखूश आहेत. येलने प्रथम व्हासर या मुलींच्या नामांकित कॉलेजला आपल्या गावी बिऱ्हाड हलवण्याचे आमंत्रण दिले. व्हासरने ते १९६७ मध्ये नाकारले आणि पुढे स्वतःच मुलगे घेतले. १९६९ च्या शरदात येलमध्ये पावणेसहाशेच्या सुमारास आणि प्रिन्स्टनमध्ये १७१ मुली दाखल झाल्या. त्या आल्या त्या त्यांच्या विद्येसाठी म्हणून आत घेतल्या गेल्या असे म्हणणे धाडसाचे होईल. मुलगे मिळावेत म्हणून मुली हव्या होत्या.

या स्पर्धेची झळ सर्वांत अधिक बसली ती ज्यांनी ही लढाई मांडली त्यांनाच. श्रीमंत आणि शतकांची परंपरा असलेल्या कॉलेजांनी दारे उघडताच गुणी मुली तिकडे वळू लागल्या, आणि वर्गण्या गोळा करून उभी राहिलेली स्त्रियांची कॉलेजे विवंचनेत पडली. गर्टनने १९७९ मध्ये पुरुष विद्यार्थी घेतले, सॉमरव्हिलने १९९४ मध्ये, सेंट हिल्डाजने २००८ मध्ये. केंब्रिजच्या पुरुषकॉलेजांपैकी मॉडलिन हे शेवटचे. ते १९८८ मध्ये मिश्र झाले, तेव्हा तेथील काही विद्यार्थ्यांनी दंडाला काळ्या फिती बांधून आपला शोक प्रकट केला. न्यूनहॅम आणि, न्यू हॉलचे नाव बदलून झालेले, मरी एडवर्ड्स ही दोन कॉलेजे मात्र आजही केवळ स्त्रियांसाठी आहेत, आणि ज्यांना हा इतिहास ठाऊक आहे ते त्यांना कालबाह्य म्हणण्याची घाई करणार नाहीत.

१९९८ च्या जुलैमध्ये केंब्रिजने एक समारंभ करून १९४८ पूर्वी शिकून गेलेल्या आपल्या विद्यार्थिनींचा सीनेट हाउसमध्ये सन्मान केला. नऊशेहून अधिक वृद्ध स्त्रिया त्यासाठी आल्या होत्या. हा प्रायश्चित्ताचा प्रकार स्तुत्यच म्हटला पाहिजे. पण त्या नऊशे जणींनी परीक्षेत काही कमी केले होते म्हणून त्यांना पन्नास वर्षे थांबावे लागले असे नव्हे, हे विसरता कामा नये. या सव्वाशे वर्षांच्या वृत्तान्ताचे तात्पर्य असे, की ज्यांच्या हाती मत आहे ते जेव्हा बाहेरच्यांकडे पात्रतेचा पुरावा मागतात, तेव्हा पुरावा देणे हे आवश्यक असले तरी पुरेसे कधीच नसते. फिलिपा फॉसेटच्या निकालाने दरवाजा उघडला नाही, कॉलेजांच्या परस्परांतील चढाओढीने उघडला. म्हणून कोणत्याही जुन्या प्रतिष्ठित संस्थेत, मग ती विलायतेतील विद्यापीठ असो की आपल्याकडील एखादे मंडळ वा विश्वस्तसंस्था असो, अमुक वर्गाला प्रवेश द्यावा की नाही अशी चर्चा निघाली म्हणजे त्या वर्गाच्या योग्यतेवरील भाषणे ऐकत बसण्यापेक्षा त्या संस्थेची मतदारयादी आणि तिची घटना मागवून ती आधी वाचावी. वादाचे खरे कारण बहुधा तेथेच लिहिलेले असते.